फिरून आलेलं पाणी

लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या गोदाक्कांनी गावाहून आणलेला पाण्याचा कॅन संपला, तशी त्यांनी पिशवी भरायला घेतली.

"आई, बारसं तोंडावर आलंय आणि तू निघालीस?" ओवी रडवेली झाली.

"मग काय करू? अख्ख्या बिल्डिंगचं अंघोळीचं पाणी पिऊ?"

"तळघरात शुद्ध होऊन येतं गं ते. आता सगळं लातूर हेच पितंय. धरणाकडे डोळे लावून बसणं संपलं."

"तुझं शुद्ध तुझ्यापाशी ठेव!"

जाण्याआधी नातीला न्हाऊ घालावं म्हणून गोदाक्का मोरीत पाय पसरून बसल्या. ओवी कोमट पाणी ओतत राहिली. पोरीच्या जावळावरून, इवल्या टाचांवरून ओघळत ते जाळीतून खाली जाताना गोदाक्का एकटक बघत होत्या.

"हे कुठं जाणार आता?"

"तळघरात. उद्या सकाळी घराघरात नळाला येईल."

न्हाणं आटोपल्यावर गोदाक्कांनी भरलेली पिशवी रिकामी करून परत खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या नळापाशी उभ्या होत्या.

"आलं का गं माझ्या छकुलीचं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नळाखाली ओंजळ धरली.