लाल पट्टा

घरात पाळणा हलला आणि दोन सीटच्या गाडीत तिघं काही मावेनात, म्हणून समाधानने आपली मॉडिफाय केलेली जपानी स्पोर्ट्स कार सुटी करून विकायला काढली. सायलेन्सर चोपड्याच्या केळीवाल्याने नेला, ट्रॅक्टरला लावून त्याच्या आवाजाने मळ्यातली रानडुकरं पळवायला. चाकं धुळ्याला गेली. समाधानचे वडील झुलाल आबा खळ्यात बाजेवर बसून हे सगळं बघत होते. गाडी आली तेव्हापासून ते तिला ‘डबडं’ म्हणत आले होते आणि एकदाही तिच्यात बसले नव्हते.

शेवटी जळगावचा हितेंद्र पिकअप घेऊन सीट न्यायला आला. सीट चढवून झाल्या, तसे आबा उठले. ड्रायव्हरच्या सीटचा लाल रेसिंग पट्टा त्यांनी सोडवला आणि खांद्यावर टाकला.

“आबा, पट्टा सौद्यात धरलेला आहे,” हितेंद्र म्हणाला.

“बैल इका तरी दावं कोन देस रे?”

हितेंद्रही शेतकऱ्याचाच पोरगा. तो गुमान पिकअपमध्ये जाऊन बसला.

गोठ्यातल्या खुंटीवर आजवर विकलेल्या बैलांची दावी टांगलेली होती. आबांनी पट्टा त्यांच्याच शेजारी अडकवला. मग एकेका दाव्यावरून हात फिरवत, कोणतं कुणाचं ते पुटपुटले, “हाई राजानं... हाई पवळ्यानं...”

पट्ट्यापाशी हात थांबला.

“समाधान, तिनं नाव काय व्हतं रे?”