भिंतीपलीकडचं हसू

बाळ झाल्यापासून मी घराबाहेर पडतच नव्हते. "जरा कुणाशी बोलत जा गं," असं सासूबाई म्हणायच्या आणि "बाळाला कोण बघेल?" म्हणून मी विषय मिटवायची. मग त्यांनी माझा नाद सोडला आणि रोज दुपारी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायला लागल्या. बाळाला थोपटताना भिंतीतून मला त्यांचं खो खो हसू ऐकू यायचं आणि नुसता जळफळाट व्हायचा. माझ्याशी बोलताना तोंडात मिठाची गुळणी, मग त्या परक्या बाईपाशी एवढं काय उतू जातं?

आज राहवलं नाही. बाळाला कडेवर घेतलं आणि साखर संपल्याचं निमित्त करून काकूंची बेल वाजवली.

दार उघडताच काकू आत वळून ओरडल्या, "अहो, आली बरं का!"

दोघींच्या खुर्च्या आमच्या भिंतीला अगदी चिकटवलेल्या होत्या. समोर चहाचे दोन कप, आणि एक उपडा ठेवलेला.

सासूबाईंनी तो सुलटा केला. "बस. हसून हसून घसा बसला माझा. यांना म्हटलंच होतं, बोलावून यायची नाही ही, जळून येईल."