मनुबाईची फेरतपासणी

मनुबाईच्या मानेवरची गाठ म्हणावी तशी बसत नव्हती, आणि चूक आपल्याच हिशेबात आहे असं आम्रपालीने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

सांगलीच्या त्या इस्पितळात कॅन्सरच्या गाठींना किरणांचा शेक देणारं कोबाल्टचं मशीन होतं, पण कॉम्प्युटर अजून यायचा होता. शहाण्णव सालीही कुणाला किती शेक द्यायचा, कुठून आणि किती खोल, हे आम्रपाली कागदावर काढायची. ती मेढ्याची. घरात एवढं शिकलेली पहिलीच, त्यामुळे चुकण्याची धास्ती इतरांपेक्षा जरा जास्तच.

एकाचा हिशेब दुसऱ्याने, पहिल्याचे आकडे न बघता, नव्याने करायचा असा तिथला नियम. हे काम मिलिंदचं, आणि मिलिंद म्हणजे ताकही फुंकून पिणारा. त्याने मनुबाईचा हिशेब मुळापासून केला. उत्तर तेच आलं.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "आता जेवून घे."

ती जेवली नाही. पाण्याची टाकी ठेवून तिने मशीनचा मारा मोजला. तोही बरोबर. मग शेक देणाऱ्या रेश्माशेजारी जाऊन उभी राहिली. शेक नेमका कुठे पडणार ते दाखवणारा मशीनचा दिवा रेश्माने लावला. उजेडाचा चौकोन मनुबाईच्या मानेवर आखलेल्या जांभळ्या रेषांवर नेमका बसला, सुताचाही फरक नाही. बाकीच्यांच्या रेषा घामाने पुसट व्हायच्या आणि रेश्माची चिडचिड व्हायची. मनुबाईच्या तेवढ्या ठसठशीत. नवरा फौजेतला, शिस्तीचा आहे, असं रेश्मा कौतुकाने सांगायची.

नवरा म्हणजे शिराळ्याकडचे गुंडाआबा. बायको आत असेपर्यंत बाकावर ताठ बसून राहायचे. तिची मान भाजून काळी पडली, कातडं सुटायला लागलं, तेव्हा त्यांनी आम्रपालीला एकदाच विचारलं होतं, हे थांबवता येतंय का. मधेच थांबवलं तर रोगाचं फावतं, सोसावं लागेल, असं तिने सांगितलं. ते बरं म्हणाले आणि पुन्हा त्यांनी तक्रार केली नाही.

शेवटी प्रकरण शनिवारच्या बैठकीत गेलं. डॉक्टर राजवर्धन, मिलिंद, सगळ्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. कागद एकमताने पास झाला. गाठीला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

शेवटचा शेक झाला त्या दिवशी डॉक्टरांनी मान चाचपली. पुढून गाठ विरली होती. मागे, कानाखाली, ती उलट वाढली होती.

"आणखी थोडा देता येईल?" आम्रपालीने विचारलं.

"कागदाप्रमाणे सगळा देऊन झालाय. वर द्यावा तर नुसतं मांस सडेल. आणि कापून काढायची वेळ गेली."

हे सांगायचं काम तिच्यावर आलं. मनुबाई पदराने मान झाकून बसली होती. आम्रपालीने काही लपवलं नाही. आम्ही सगळं दोनदा, तीनदा तपासलं, कुठेच चूक सापडली नाही, तरी असं का झालं ते आम्हाला कळत नाही, असं तिने सांगितलं. इतकं शिकून आपण या बाईसाठी काहीच करू शकलो नाही, याची तिला लाज वाटत होती.

गुंडाआबा उठून तिच्याजवळ आले.

"तुमी नगा जिवाला लावून घेऊ, म्याडम. थांबवता येत न्हाई म्हणला हुता तुमी, पर जळल्याल्या कातड्यावर रोज जाळ बघवंना, म्हणून त्या रेघा पुसून मीच जरा जरा फुडं, चांगल्या कातडीवर काढत हुतो. आमच्याकडनं बी व्हईल तेवढं आमी केलं."