हट्टी विहीर

कापडाचे तुकडे बाजूला सारून भूजल खात्याच्या बाईंनी शिंपीकाकांच्या टेबलावर नकाशा पसरला. गल्लीतलं हे चौदावं घर. तेच तेच सांगून त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

"कारखान्याच्या टाकीतून गळलेलं रसायन जमिनीखालून असं सरकत आलं," त्यांनी बोट फिरवलं. "तुमची विहीर आजपासून बंद. प्यायला नाही, स्वयंपाकाला नाही."

"कधीपासून आहे हे?" काकांनी विचारलं.

"आमच्या हिशेबाने नऊ वर्षं."

बोलताना बाईंनाच खात्री नव्हती. माती कसली, उतार किती, पाणी रोज किती सरकतं, सगळं कॉम्प्युटरला घालून दोन महिने झाले होते. बाकीच्या विहिरी मुकाट्याने जुळल्या. ही जुळेना. गणित सांगायचं त्याच्या दुप्पट विष हिच्यात सापडत होतं. ऑफिसात तिचं नावच 'हट्टी विहीर' पडलं होतं. साहेब म्हणाले होते, "एका विहिरीपायी किती डोकं फोडणार? द्या सोडून."

"दहा," आतल्या खोलीतून आवाज आला.

काकू भिंत धरत धरत दारात आल्या. "थोरलीच्या लग्नाच्या वर्षी वास यायला लागला. मी म्हटलं, पाहुण्यांना हे पाणी नको. ऐकलं कुणी?"

"तुम्ही नका लक्ष देऊ, मॅडम," काका पुटपुटले. "हिच्या मनाचे खेळ असतात. डॉक्टरसुद्धा तेच म्हणाला होता."

बाईंनी लॅपटॉप उघडला. गळतीची सुरुवात एक वर्ष मागे नेली आणि गणित पुन्हा चालू केलं. दहाएक मिनिटं गेली. मग रेषा उमटली. बाकीच्या विहिरी जुळलेल्याच राहिल्या, आणि या विहिरीचा ठिपकाही गुमान रेषेवर येऊन बसला.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. तेवढंही त्राण अंगात उरलं नव्हतं.

"दहाच," बाई म्हणाल्या. त्यांनी वही पुढे ओढली. "काकू, वास कसला यायचा हो?"

इतक्या वर्षांत हे काकूंना कुणी विचारलंच नव्हतं.

शिंपीकाका उठले आणि आपली खुर्ची त्यांनी बायकोपुढे ठेवली.