सबनीसांचं लॅच

अठ्ठ्याऐंशी साली हिमालयातल्या मोहिमेसाठी निवड झालेली अंबरनाथची मी पहिली मुलगी. सरावाला होती ती आमच्या चार मजली बिल्डिंगची मागची भिंत. सेक्रेटरी सबनीसांनी लगेच नोटीस लावली, 'गच्चीवरून दोर सोडून उतरण्यास सक्त मनाई. मुलींना हे शोभत नाही.'

त्याच आठवड्यात त्यांच्याच घराचं लॅच लागलं. किल्ली आत आणि गॅसवर दूध. सबनीस धापा टाकत आले. "हेमांगी, तुझा तो दोर काढ, लवकर!"

"आणि नोटीस, काका?"

"खड्ड्यात गेली नोटीस!"

मी गच्चीवरून तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाल्कनीत उतरले आणि आतून दार उघडलं.

महिन्याभरात हे चार वेळा झालं. "हिच्या किल्ली म्हणून लक्षात राहत नाही," असं सबनीस बायकोवर, कुमुदिनीकाकूंवर करवादायचे आणि मला हात जोडायचे.

चौथ्यांदा आत उतरले, तर गॅस पेटवलेलाच नव्हता. दार उघडताच कुमुदिनीकाकू माझ्या कानाशी आल्या.

"तिसरा मजला जमला तुला. गुरुवारी पहिल्या मजल्यावर भोईरबाईंचं लॅच लागेल. दोर लांब आण."