इथे दम लागतो

तिसरं पुस्तक त्याने हातात घेतलं, तोवर दुकानात येऊन तासभर झाला होता. दुकानदारीणबाईंनी बायकोला आपलं स्टूल दिलं होतं. त्यावर ती पिशवी मांडीवर धरून, लवकर येऊन पडलेल्या पाहुणीसारखी बसली होती.

पुढच्या महिन्यात दोघांना राष्ट्रीय उद्यानात जायचं होतं. तिथे जंगलात एक तळं आहे, थंडीत त्यावर लांबलांबचे पक्षी उतरतात. तिला ते बघायचे होते. वाघाचं तिला काही नव्हतं. पण सहा महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की चाला, पण बेताने. मुलीने फोनवर बजावलं होतं, बाबा, आईला तळ्यापर्यंत झेपेल अशी तुमची खात्री असेल तरच मी आज तिथली खोली घेते. खात्री ही गोष्ट त्याला जन्मात कशाचीच वाटली नव्हती. म्हणून तो पुस्तकांकडे आला होता.

पहिल्या पुस्तकात पानोपानी वाघ. जंगलात दुसरं कुणी राहतच नसावं. दुसऱ्यात गाड्यांच्या वेळा आणि जेवायच्या जागा. मोबाइलवर लोकांनी लिहिलं होतं, अप्रतिम, जरूर जा. उद्यानाच्या कचेरीत फोन केला तर तिथला कारकून म्हणाला, अहो आजोबा, लहान पोरंसुद्धा पळत जातात तळ्यावर. पळत जाणारी पोरं त्याच्या काय कामाची?

तिसरं पुस्तक बारीकसं होतं. मुखपृष्ठ नवं, आत मजकूर जुना. त्याने तळ्याचं पान काढलं. ‘विश्रामगृहापासून थोड्याच अंतरावर एक रमणीय तळे आहे.’

वाक्य ओळखीचं वाटलं. मग त्याची कानशिलं तापली. वाक्य त्याचंच होतं.

चाळीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. हे पुस्तक एका निवृत्त वनरक्षकाचं, शाळेच्या वहीत निळ्या शाईने लिहून आलेलं. छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात होते, आणि मजकूर दीड पान जास्त होत होता. मालक म्हणाले, काढा काहीतरी. त्याने तळ्याची वाटच काढून टाकली. वनरक्षकाने ती पावलापावलाने लिहिली होती. कुठे चढ लागतो, कुठे दहा वाजेपर्यंत सावली असते, कुठल्या दगडावर बसता येतं, पण सकाळी दव असतं म्हणून रुमाल न्यावा. त्या सगळ्याच्या जागी त्याने एक ओळ घातली. मालकांनी पाठ थोपटली होती.

तो डोळे मिटून वही आठवू लागला. शाई आठवली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका झाडून सगळ्या आठवल्या. चढ वाटेतल्या पुलाच्या अलीकडे होता की पलीकडे, ते मात्र काही केल्या आठवेना.

काकांना भोवळ आली की काय, असं वाटून दुकानदारीणबाई पाणी घेऊन आल्या. त्याने ते बायकोला दिलं आणि तिच्यासमोर उभं राहून, चोरी कबूल करावी तसं, खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

“एके ठिकाणी नुसतं एवढंच होतं, ‘इथे दम लागतो,’” तो म्हणाला. “मी समासात लिहिलं, ‘कुणाला?’ आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. हसलो आम्ही.”

“मला,” ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

वनरक्षक काय म्हणाला, असं तिने विचारलं. काही नाही, तो म्हणाला. छापलेलं पुस्तक उलटसुलट करून बघितलं, सुरेख झालंय साहेब म्हणाला, आणि गेला.

ती स्टुलाला हात टेकून उठली. “घ्या हे.”

“अगं, यात काहीच नाहीये.”

“समास भरपूर सोडलाय.”

घरी जायला रिक्षा करायची नाही, असं तिने बाहेर पडल्या पडल्या सांगून टाकलं. तो तिच्या अर्धं पाऊल मागून मनातल्या मनात तिची पावलं मोजत राहिला. औषधांचं दुकान, शिलाईचं दुकान. बँकेपाशी दोनशे दहा झाली, तेव्हा ती बँकेच्या पायरीवर टेकली. श्वास लागला होता, ओठ मात्र निळे नव्हते. ते त्याने आधी बघितलं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. काय ठरलं, तिने विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोरची वाहनं बघत होती, जसं काही हा फोन दुसऱ्याच कुणाचा होता.

“खात्री नाही, बाळ,” तो म्हणाला. “पण तू खोली घे.”

पलीकडून बरंच काही आलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाला, “घे तू.”

मग खिशातली पेन्सिल काढून त्याने पुस्तक गुडघ्यावर उघडलं आणि तळ्याच्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं. काय लिहिलंत, म्हणून तिने विचारलं. त्याने वाचून दाखवलं.

“‘सपाट रस्ता. दोनशे दहा पावले. इथे थांबली.’”

“थांबली नाही, बसली,” ती म्हणाली. “थांबते मी कुठेही. तुमच्यासाठीसुद्धा.”

त्याने ‘थांबली’ खोडलं, वर ‘बसली’ लिहिलं, आणि किती वेळ बसली तेही त्यात यायला हवं म्हणून तिच्या शेजारी पायरीवर टेकला.