गेल्या वर्षीचे आवाज

"मॅडम, हा उद्योग नको," वनरक्षक म्हणाला. "जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल."

संशोधक बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लांब काठीला बांधलेला स्पीकर कुंपणाच्या फटीतून पुढे सरकवला. पलीकडे खारफुटीच्या मुळांपाशी, पालापाचोळ्याच्या ढिगाला टेकून मगर पडली होती. उद्यानातली सगळ्यात थोरली मगर. सगळे तिला बाईसाहेब म्हणत, तेही लांबूनच.

त्या ढिगात तिची अंडी होती. उधाणाचं पाणी दोन दिवस आत राहिलं आणि झाडून सगळी अंडी गेली. हे बाईंच्या वहीत होतं, वनरक्षकाला माहीत होतं. बाईसाहेबांना कोण सांगणार? पिल्लं निघायची तारीख उलटून सतरा दिवस झाले तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या. मगरीचे अश्रू खोटे असतात असं लोक म्हणतात. वनरक्षकाने बावीस वर्षांत तिला खोटंसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

स्पीकरमध्ये गेल्या वर्षीचे आवाज होते. निघायची वेळ झाली की मगरीची पिल्लं अंड्यातूनच ओरडतात आणि ते ऐकून आई ढीग उकरते. बाईसाहेबांच्या गेल्या वर्षीच्या पिल्लांचं ओरडणं बाईंनी टिपून ठेवलं होतं. आता ते ऐकून ती काय करते, हे त्यांना बघायचं होतं.

वनरक्षकाला असले आवाज सोसत नसत. त्याच्या घरीही एक होता. मुलाने आईच्या फोनवर ठेवलेला, नऊ सेकंदांचा: "आई, तुम्ही जेवून घ्या. मला उशीर होईल." त्याच संध्याकाळी पुलावर त्याची मोटारसायकल घसरली. तीन वर्षं झाली त्याला. बायको रोज स्वयंपाक करताना तो निरोप लावायची आणि हा बाहेरच्या खोलीतून म्हणायचा, "आवाज कमी कर." पोरगा काही परत येणार नाही, मग स्वतःला किती फसवायचं, असं त्याला वाटे. जीव त्याचाही तुटायचा. पण ते त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाईंनी बटण दाबलं. चिक् चिक् असा बारीक कालवा सुरू झाला. मगरीने डोकं उचललं. वनरक्षकाने मान फिरवली, पण राहवेना म्हणून पुन्हा पाहिलं.

ती सावकाश स्पीकरपाशी आली. त्याच्याशेजारी तिने जबडा जमिनीला टेकवला आणि तशीच पडून राहिली. आवाज संपला. ती आणखी थोडा वेळ थांबली. मग वळली आणि ढिगाकडे न जाता पाण्यात उतरली.

"फसली बिचारी," वनरक्षक म्हणाला.

"नाही हो काका," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "फसली असती तर तिने ढीग उकरला असता. तिने नुसतं ऐकलं."

वनरक्षकाने स्पीकरची काठी कुंपणातून मागे ओढून घेतली.

तो घरी पोचला तेव्हा बायको भाजी चिरत होती. शेजारी ओट्यावरच्या फोनवर तोच निरोप चालू होता. नवऱ्याची चाहूल लागताच तिने सवयीने हात पुसला आणि फोनचा आवाज कमी केला.

तो बाहेरच्या खोलीत थांबला नाही. आत आला, स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

"वाढव आवाज," तो म्हणाला.